आत्तीचा कषाय आणि माझं नऊ पूर्णांक सहा

शारदाच्या मुलीनं धारवाडहून मला एक छापील तक्ता पाठवला. ती तिथल्या कॉलेजात आहारशास्त्र शिकते. घरात रोज काढा पिणारी माणसं एकूण जेवणखाण कसं करतात, हा तिच्या अभ्यासाचा विषय आहे. "मावशी, तुझ्या गल्लीतली घरं तू भरून दे. तुझ्याइतकं चोख कुणी भरणार नाही," असं ती फोनवर म्हणाली, आणि ते खरं आहे. पहिला प्रश्न होता, कषाय, म्हणजे तोच काढा, पिता का: रोज, कधीकधी, कधीच नाही. त्याखाली पालेभाजी, कडधान्य, फळ, दूध, मासे-अंडी, तळलेलं, साखर, आणि प्रत्येकापुढे आठवड्याचे सात चौकोन. रामनगरातल्या आमच्या गल्लीतली बारा घरं मी चार दिवसांत भरली. तेरावं घर माझं. पहिल्या ओळीत 'रोज' असं लिहिलं आणि बाकीचे चौकोन स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरून भरले, कारण माझ्या कॅलेंडरवर रोजची भाजी लिहिलेली असते. पाकीट बंद करताना मात्र हात थांबला. कषायाचा आणि जेवणाचा संबंध काय, हे मला त्या मुलीच्या जन्माआधीपासून माहीत आहे. तो मला कसा कळला, हे मी तिच्या आईला अजून सांगितलेलं नाही.

आईबाबांची हमरस्त्यावर चहा-भज्यांची गाडी होती. बेळगावहून गोव्याला जाणारे ट्रक तिथं थांबायचे. पहाटे अंधारात दोघं घरातून निघायची. आम्हा बहिणींना जाग यायची ती ट्रकच्या ब्रेकच्या फुसकाऱ्यानं आणि स्टोव्हच्या आवाजानं, कारण घर गाडीच्या मागच्याच गल्लीत. उठलं की किटलीत चहा तयार असायचा, गोड, दाट, दोनदा उकळलेला. त्यात पाव बुडवून खायचा आणि शाळेत जायचं. दुपारी गाडीवरची भजी आणि पुन्हा चहा. रात्री आई दमलेली असायची, मग भात आणि उरलेली भजी मोडून केलेलं कालवण. कुणी उपाशी ठेवलं नाही आम्हाला, हे मी स्पष्ट लिहिते. पोट रोज भरायचं. चहा, पाव, भजी, भात, या चार पदार्थांनी भरायचं.

मी तेरा वर्षांची होते आणि शारदा अकरा. ती शाळेत प्रार्थनेच्या वेळी दोनदा चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी तिच्यासोबत माझंही रक्त तपासलं. हिमोग्लोबिन तिचं आठ पूर्णांक दोन, माझं नऊ पूर्णांक सहा. गोळ्या दोघींनाही सारख्याच दिल्या, तीस-तीस. पण ते म्हणाले, या धाकटीला जरा चांगल्या खाण्यावर ठेवा. मग ठरलं की शारदानं वर्षभर आत्तीकडे राहायचं. आत्ती म्हणजे बाबांची थोरली बहीण, बाजारकुणंगच्या पलीकडे एका वाडीत राहायची. तिचा मुलगा गोव्यात कामाला, घरात ती आणि तिचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो. आत्तीला दोघी चालल्या असत्या, पण आई एकच मुलगी सोडू शकत होती. गाडीवर पेले विसळायला एक तरी हवीच होती. म्हणजे एक पूर्णांक चार दशांश जास्त निघाले म्हणून मी मागं राहिले. तेव्हा पहिल्यांदा मला माझ्या बहिणीचा हेवा वाटला, आणि तोही तिच्या कमी आकड्याचा. आपणही प्रार्थनेला पडायला हवं होतं, असं मला वाटायचं. एकदा पडूनही बघितलं. बाई म्हणाल्या, "सुमन, ऊठ. डोळे मिटायचे राहिलेत तुझे."

गणपतीला शारदा घरी आली तेव्हा तिच्या गालांवर तुकतुकी होती आणि वेणी जाड झाली होती. गाडीवर नेहमी थांबणारा एक ड्रायव्हर आईला म्हणाला, "कमळाबाई, ही पोरगी बदलून आणलीया काय?" आई हसली. "न्हाई ओ. कषायाचा गुण हाय. माझ्या नणंदेच्या घरी रोज सकाळी कषाय असतो. चहा उंबऱ्याच्या आत न्हाई." ते तिनं त्या दिवशी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं. मी पेले विसळत मोजत होते, अकरा जणांना. त्यातल्या एकानंही माझ्याकडे बघितलं नाही. डॉक्टरांनी शारदाचं रक्त पुन्हा तपासलं तर दहा पूर्णांक सहा. आत्तीनं शारदाबरोबर कषायाच्या पुडीची बाटली दिली होती. धने, जिरे, बडीशेप, थोडी मेथी आणि मिरी भाजून जाडसर कुटलेली पूड. पाण्यात गूळ घालून उकळायची, वर दूध. आमच्या तालुक्यात ही काही अपूर्वाईची वस्तू नाही, पण आमच्या घरात ती कधी शिजली नव्हती. चहाच्या गाडीवाल्यानं दुसरं काय प्यायचं, असं बाबा म्हणायचे.

शारदा परत गेली आणि मी ती बाटली ताब्यात घेतली. आत्तीकडून आलेली पूड संपल्यावर मी स्वतः केली. मूळ पुडीतला एक चमचा कागदावर पसरून, कण वेगळे करून, मी प्रमाण काढलं होतं: धने पाच भाग, जिरे दोन, बडीशेप एक, मेथी अर्धा, आणि पेल्याला तीन मिरी. मिरी मी मोजूनच घालायची. सव्वीस दिवस रोज सकाळी मी कषाय प्याले, आणि त्यावर पाव खाल्ला, दुपारी भजी, रात्री भात. सत्ताविसाव्या दिवशी बाबांच्या मागं लागून रक्त तपासलं. नऊ पूर्णांक चार. दोन दशांश कमीच. दवाखान्याच्या पायरीवर मी रडले. बाबांना वाटलं सुई दुखली. मला वाटत होतं की शारदानं मूळ पुडीतलं काहीतरी काढून घेऊन बाटली दिली. अकरा वर्षांची मुलगी असं का करेल, हा विचार मनात आला नाही. हेवा वाटत असला की माणूस फार बारीक हिशोब करतं आणि मोठ्या बेरजेत चुकतं.

दसऱ्याच्या सुट्टीत मी आठ दिवसांसाठी आत्तीकडे गेले. मी कामासाठी गेले होते: शारदाला जे मिळतं आणि मला मिळत नाही, ते शोधून काढायला. शंभर पानी वही आणि पेन्सिल पिशवीत होती. आत्तीचं घर मातीचं, बसकं, मागं केळी आणि गोठा, पुढं भाताचा तुकडा, आणि चारी बाजूंनी रान. सकाळी तिथं पाखरांचा असा कालवा असायचा की ट्रकशिवाय झोपायची सवय नसलेली मी दचकून उठायची.

पहिल्या सकाळी आम्ही चुलीपाशी बसलो. मडक्यात पाणी खदखदत होतं. आत्तीच्या पुढ्यात पाच-सहा करवंट्या होत्या. पुडीची एक, बाकीच्यांत आलं, ओवा, मिरी, सुकवलेली तुळस असं काही. मला वाटलं आता ओतेल. तिनं मामांकडे बघितलं.

"काल काय खाल्लासा?"

मामा सांगू लागले. "सकाळी आंबील. मग बांधावरच्या वेलीचं तवसं, एक अर्धं. दुपारी भात, कुळथाचं सार, दोडक्याची भाजी. सांजेला चुरमुरे. रात्री भाकरी आणि ते तुझं केळफूल."

"चुरमुरे कुठनं आले?"

"दुकानातनं."

"दुकानात कशाला गेलासा?"

"विडीला," मामा म्हणाले, आणि आत्तीनं त्यांच्या पेल्यात मिरी जरा जास्तच टाकली.

मग शारदा. ती न अडखळता सांगत होती: आंबील, भात, कुळथाचं सार, दोडक्याची भाजी, फणसाच्या भाजलेल्या आठळ्या, ताक, केळं, दोन भाकऱ्या, केळफुलाची भाजी. आत्ती ऐकत होती. मध्येच "आठळ्या किती?" असं विचारायची, मग ओव्याची चिमूट टाकायची. कुळीथ जास्त झाले तर आलं, मासे झाले तर मिरी, असं ती प्रत्येकाचा पेला वेगळा करायची. पूड सगळ्यांना तीच, पण ती ठरावीक मापानं घालत नव्हती. हाताला येईल तेवढी.

मग माझी पाळी. "आणि सुमे, तू काल काय खाल्लंस गे?"

मी म्हटलं, "चहा, पाव. मग भजी. मग बसमध्ये काही नाही. रात्री इथं भाकरी-भाजी."

"आणि?"

"एवढंच."

आत्तीनं पळी मडक्यातच ठेवली. तिनं मला कषाय दिलाच नाही. आंबिलीचा वाडगा पुढं ठेवला, वर उकडलेलं अंडं आणि केळं. "हे खा आधी. रिकाम्या पोटाला कषाय न्हाई. ते काय जेवाण हाय काय, सांग की." माझ्या नाकाशी सगळ्यांच्या कषायाचा वास येत होता आणि मी आंबील खात होते. सव्वीस दिवस मी तीन-तीन मिरी मोजून जे प्याले, ते इथं मला मिळण्याइतकं माझं जेवणच नव्हतं. वहीत मी लिहिलं: शारदा नऊ, सुमन चार, त्यातला एक इथला.

आता तक्ता भरताना भाचीनं समजावलं की जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगाला नीट लागत नाही. असेल. पण मी गल्लीतल्या बारा घरांत बसून बघितलं, की ज्या घरात कषाय रोज होतो, तिथं कुणीतरी सकाळी चुलीपाशी थांबलेलं असतं. आदल्या रात्री कडधान्य भिजत घातलेलं त्याच माणसानं असतं. एका घरात तयार पुडीचं पाकीट आणतात, पाण्यात ढवळतात आणि दारात उभं राहून पितात. त्यांच्याही पहिल्या ओळीत मला 'रोज' असंच लिहावं लागलं. खालचे चौकोन मात्र रिकामे राहिले.

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की शारदा पेला घेऊन मागच्या दारी जाते. "लई गरम हाय, फुंकते," असं म्हणायची. मी गोठ्याच्या आडून बघितलं. तिनं कषाय केळीच्या बुडाशी ओतला, पेला झटकला आणि ओठ पुसले. चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशीही. मी तिला गाठलं.

"शारे, पीत का नाहीस?"

"मेथी कडू लागते. तू पितेस?"

"मी सव्वीस दिवस प्याले."

"आवडलं?"

"नाही."

"मग कशाला प्यालीस?" ती म्हणाली आणि वासराला गवत टाकायला गेली. मला तिचा जितका राग आला तितका जन्मात कुणाचा आला नसेल. जी वस्तू मी जीव टाकून मागत होते ती शारदा केळीला घालत होती, आणि गाल तिचेच लाल होते. वहीत रोज एक रेघ ओढत गेले. कषाय पीत नाही अशा मुलीला आत्ती ठेवून काय करेल, असा माझा विचार होता. जागा एकच होती. ती रिकामी झाली की माझीच.

आठव्या दिवशी आई मला न्यायला आली. पडवीत सगळे बसले होते, आत्तीनं तिच्यापुढं पोहे ठेवले होते. आई शारदाच्या वेणीवरून हात फिरवत म्हणाली, "वन्सं, तुमच्या कषायानं पोरगी उभी राहिली बघा."

मी म्हटलं, "ती पीत नाही. रोज केळीला ओतते. मी पाच वेळा बघितलं, तिसऱ्या दिवसापासून आजपर्यंत सहा व्हायला हवेत, पण परवा मी नदीवर होते म्हणून पाचच सांगते."

शारदानं माझ्याकडे बघितलं. आत्ती मात्र हसायला लागली. "मला काय ठावं न्हाई व्हय? केळीच्या बुडाला गुळाच्या मुंग्या लागल्यात जूनपास्नं."

"तुम्हाला ठावं होतं?" आई म्हणाली.

"होतं की. पिईना का. काल काय खाल्लं ते सांगती न्हवं रोज? रोज सांगायचं म्हटल्यावर पोर नीट खाती. काय तरी सांगायला पायजे तिला."

आईचा हात वेणीवरून खाली आला. "म्हंजे औषध न्हाईच. मी गाडीवर गावभर सांगत बसले, कषाय, कषाय. आणि पोरगी इथं तुम्हाला हिशोब देती, काय खाल्लं, कधी खाल्लं." मग ती शारदाकडे वळली. "मला कधी सांगितलं न्हाईस गे शारे."

"तू कधी विचारलंस?" शारदा म्हणाली.

हे ती भांडायला म्हणाली नव्हती. पण आईचा चेहरा मी बघितला, आणि मला तो लगेच ओळखू आला, कारण तसाच चेहरा मी चार महिने आरशात बघत होते. आई उठली. "कापडं भर तुझी. औषध घ्यायचं न्हाई तर दुसऱ्याच्या घरी ऱ्हायचं कशाला? भात काय रामनगरात शिजत न्हाई?"

"कमळ, अगं ऐक," आत्ती म्हणाली. "औषध न्हाई गं ते."

"तेच म्हणते मी वन्सं. औषध न्हाई." मामा मध्ये पडले, शाळेचं सांगितलं, वर्ष पुरं होऊ दे म्हणाले. आई ऐकेना. दुपारच्या बसनं आम्ही तिघी निघालो. मी खिडकीशी बसले होते आणि शारदा माझ्या शेजारी, मांडीवर आठळ्यांची पुरचुंडी. माझा डाव असा उलटला होता की जागा रिकामी झाली, पण मलाही मिळाली नाही. बस वळणावर आली तेव्हा शारदा म्हणाली, "तुला ऱ्हायचं होतं तर मला सांगायचंस. आलटून पालटून ऱ्हायलो असतो." मला हे सुचलं नव्हतं. खरंच सुचलं नव्हतं. ती इतकं साधं बोलली याचाही मला राग आला.

घरी आल्यावर शारदा पुन्हा किटलीतला चहा आणि पाव खाऊ लागली. आठळ्या पाच दिवसांत संपल्या. आई तिला काही दिवस विचारायची, "काय खाल्लंस?" पण गाडीवर गिऱ्हाईक उभं असताना विचारायची, आणि उत्तर यायच्या आत भजी तळायला वळायची. तिचा दोष मी काढत नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत ती उभी असायची. पण गालांची तुकतुकी गेली, आणि मे महिन्यात तपासलं तर शारदा आठ पूर्णांक सात आणि मी नऊ पूर्णांक एक. आत्तीचा निरोप आला: शारीला पाठवा, माझं घर ओकंबोकं झालंय. बाबांनी शारदाला विचारलं. ती म्हणाली, "मी न्हाई जाणार. गेले की पुन्हा कुणीतरी मोजायला येईल." माझ्याकडे बघून म्हणाली नाही, पण म्हणाली. बाबांनी दोनदा समजावलं. तिनं ऐकलं नाही. मग आई म्हणाली, "मोठीला पाठवा मग. तिचंबी रक्त कमीच हाय. आणि ती दिलेलं पिते तरी."

असं मला ते घर मिळालं. बस सुटताना शारदा गाडीवर पेले विसळत होती, मी करायची ते काम. तिनं हात वर केला, पाणी ओघळलं कोपरापर्यंत. मी दुसऱ्या बाजूला बघितलं.

मामा मला घ्यायला स्टॉपवर आले होते. वाटेत दोनदा म्हणाले, "शारी आली असती तर बरं झालं असतं. अशक्त हाय ती." दुसऱ्या सकाळी आम्ही चुलीपाशी बसलो. करवंट्या तशाच, मडकं तसंच. मामांचं झालं. माझं झालं: चहा, पाव, बसमध्ये दोन केळी, रात्री इथं भाकरी-भाजी, भात. आत्तीनं आंबिलीचा वाडगा पुढं ठेवला. मी तो खाल्ला. आता कषाय ओतेल असं वाटलं, पण तिची पळी हातातच होती.

"आणि शारीनं?" ती म्हणाली. "तिनं परवा काय खाल्लं? तू होतीस की तिथं."

मामांनी विडी बाजूला ठेवली. "खरं सांग पोरी. लईच हाल असतील तर आज दुपारच्या गाडीनं जातो आणि समजावून घेऊन येतो तिला. माझं ऐकंल ती. तू मग आठ-पंधरा दिवस ऱ्हाऊन जा परत, आईला मदत लागंल."

मला ते माहीत होतं. नेमकं माहीत होतं. शारदानं परवा तीन वेळा चहा घेतला होता, दोन पाव, चार भजी, रात्री अर्धी मूद भात, आणि कालवण नको म्हणून तशीच उठली होती. मी आयुष्यात आकडा खोटा सांगितलेला नाही, ना वजनाचा, ना मापाचा, ना वयाचा. बहिणीला पकडून दिलं तेव्हासुद्धा सहाचे सहा म्हटलं नाही, पाचच म्हटलं. त्या सकाळी मात्र मी बोटं दुमडत, सावकाश, शारदाच्याच चालीत सांगितलं: नाचणीची भाकरी, चवळीची उसळ, लाल भाजी, एक अंडं, केळं, ताक, आमटी आणि भात. आठ पदार्थ. त्यातला भात तेवढा खरा होता.

आत्तीनं माझ्याकडे बघितलं. मग मामांकडे. "बरं झालं," ती म्हणाली. "कमळ बघतीया म्हणायची आता. ऱ्हाऊ दे तिला तिथंच."

मामांनी विडी पेटवली. आत्तीनं माझ्या पेल्यात कषाय ओतला, आणि मी तो मागच्या दारी न जाता, तिच्यासमोर बसून, सगळा प्याले.